उद्देश आणि जाणीव: नशेत घडलेल्या मनुष्यवधाची शिक्षा

दारूच्या नशेत, अचानक पेटलेल्या भांडणात कोणाचा जीव गेला, तर ‘शुद्धीवर नव्हता, म्हणून शिक्षा कमी होईल’ असे सर्रास म्हटले जाते. भारतीय कायदा इतका सोपा हिशेब मांडत नाही. पूर्वतयारी नसताना, अकस्मात भांडणाच्या भरात, गैरफायदा न घेता आणि क्रौर्य न करता कृत्य घडले असेल, तर ते खुनाच्या व्याख्येतून बाहेर पडून सदोष मनुष्यवध (खुनापेक्षा सौम्य गुन्हा) ठरू शकते; पण ही सवलत भांडणाच्या अकस्मातपणाला आहे, दारूला नाही.

भारतीय न्याय संहितेच्या कलम 105 मध्ये या गुन्ह्याचे दोन भाग आहेत आणि गोंधळ होतो तो इथेच. जीव घेण्याचा किंवा मृत्यू संभवेल अशी इजा करण्याचा उद्देश असेल, तर पहिला भाग लागतो: जन्मठेप, किंवा 5 ते 10 वर्षे कारावास आणि दंड. असा उद्देश नसून, कृत्यामुळे मृत्यू संभवतो एवढी जाणीवच असेल, तर दुसरा भाग लागतो: 10 वर्षांपर्यंत कारावास आणि दंड.

नशेचा परिणाम उद्देश आणि जाणीव या दोन्हींवर सारखा होत नाही. स्वतःहून दारू प्यायलेल्या माणसाला, तो शुद्धीत असता तर जेवढी जाणीव असती, तेवढी होतीच असे कायदा धरून चालतो. उद्देश मात्र असा गृहीत धरत नाही. तो शस्त्र, वार कोठे व किती झाले आणि आरोपीचे आधीचे-नंतरचे वर्तन यांवरून शोधावा लागतो. म्हणून आरोपी लटपटत होता एवढे सिद्ध करून भागत नाही. उद्देश मनात येऊच शकणार नाही इतकी नशा दाखवावी लागते.

1956 च्या बासदेव खटल्यात लग्नाच्या जेवणात जागेवरून न हटलेल्या मुलावर एका निवृत्त लष्करी जमादाराने नशेत पिस्तूल झाडले. सर्वोच्च न्यायालयाने खुनाचाच गुन्हा कायम ठेवला. नशा आणि वैराचा अभाव यांचा लाभ त्याला सत्र न्यायालयात शिक्षेपुरताच मिळाला होता: फाशी टळली. गुन्हा कोणता आणि त्यासाठी शिक्षा किती, हे दोन प्रश्न इतक्या स्पष्टपणे वेगळे ठेवणारा दुसरा निकाल मला चटकन आठवत नाही.

जुन्या दंड संहितेत दुसऱ्या भागाखाली केवळ दंडावरही सुटका होऊ शकत होती. 1 जुलै 2024 पासूनच्या, म्हणजे न्याय संहिता लागू झाल्यानंतरच्या, कृत्यांना ती वाट उरलेली नाही, आणि ते योग्यच झाले.