हेलब्लेडच्या आधी गेममधलं 'वेड' कसं असायचं

हेलब्लेड: सेनुआज सॅक्रिफाइसचा विषय निघाला की सगळे ग्राफिक्सवर बोलतात, पण आधी काय चालायचं ते बघितलं की कळतं हा गेम एवढा गाजला का. गेममध्ये मनोरुग्ण म्हणजे एकतर व्हिलन, नाहीतर मारामारीसाठी वेड्यांच्या इस्पितळाचा सेट. बॅटमॅनचा अर्खम असायलम (२००९) घ्या, गेम भारीच आहे, पण तिथले पेशंट म्हणजे बडवायला ठेवलेली माणसं.

दुसरा प्रकार सॅनिटी मीटरचा, म्हणजे पात्राचं डोकं किती ठिकाणावर आहे ते दाखवणारा काटा. निन्टेंडोच्या गेमक्यूब कन्सोलवरच्या इटर्नल डार्कनेसमध्ये (२००२) मीटर खाली गेला की गेम प्लेअरचीच फिरकी घ्यायचा, सेव्ह फाइल्स उडतायत असं दाखवायचा. अ‍ॅम्नेशियात (२०१०) अंधारात जास्त थांबलं की डोकं फिरायला लागायचं. मन म्हणजे गाडीतला पेट्रोलचा काटा, बस. जरा वेगळं काही केलं ते डिप्रेशन क्वेस्टने (२०१३), नुसता वाचायचा गेम, त्यात शहाणपणाचा पर्याय समोर दिसतो पण त्यावर काट मारलेली असते, क्लिकच होत नाही. एवढ्याशा गोष्टीत किती सांगून गेला तो!

हेलब्लेड बनवणारा केंब्रिजचा स्टुडिओ निंजा थिअरी तोवर मोठ्या पब्लिशरसाठी डीएमसी (डेव्हिल मे क्राय) सारखे गेम करायचा. हेलब्लेड त्यांनी २०१४ला जाहीर केला तो स्वतःच्या पैशावर, जेमतेम २० जणांची टीम घेऊन. गोष्ट सेनुआची, प्रियकराचं मुंडकं कमरेला बांधून नॉर्स म्हणजे व्हायकिंगांच्या पुराणातल्या नरकात निघालेली पिक्ट (जुन्या स्कॉटलंडमधली जमात) बाई. तिला सायकोसिस आहे, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येतात, भास होतात, म्हणून मग केंब्रिज विद्यापीठातले मानसोपचारतज्ज्ञ पॉल फ्लेचर यांना सोबत घेतलं, वेलकम ट्रस्ट या आरोग्य संशोधनाला पैसा देणाऱ्या संस्थेनेही मदत केली, आणि ज्यांनी हे स्वतः भोगलंय त्यांच्याशी बोलून बोलून गेम घडवला.

त्याचा परिणाम खेळताना जाणवतो. सेनुआच्या डोक्यातले आवाज दोन कानांसारखं ऐकणाऱ्या माइकवर रेकॉर्ड केलेत, त्यामुळे हेडफोन लावला की एक डाव्या कानात हसते, दुसरी मानेमागे कुजबुजते, तुला नाही जमणार म्हणते, आणि तीच लढाईत "मागे बघ" म्हणून वाचवतेसुद्धा, कारण स्क्रीनवर हेल्थ बार (जीव किती उरलाय ते दाखवणारी पट्टी) वगैरे काहीच नाही. झाडाच्या फांद्या आणि सावल्या यांत रुनची (जुन्या नॉर्स लिपीची) अक्षरं शोधायची कोडी (मला जरा कंटाळवाणी वाटली, खरं सांगतो) तीही तिथूनच आलीत, सायकोसिसमध्ये कशाचाही कशाशी संबंध दिसायला लागतो ना, ते.

सुरुवातीलाच गेम बजावतो की मेलीस की हातावरची काळी सड वर चढेल, डोक्यापर्यंत पोचली की सगळी प्रोग्रेस गेली. ऑगस्ट २०१७ला गेम आल्यावर यावरून केवढी बोंबाबोंब झाली, मग कोणीतरी मुद्दाम मरून मरून बघितलं तर सेव्ह उडतच नाही! इटर्नल डार्कनेसचीच थाप, पण ती दोन सेकंदात उघडी पडायची, ही शेवटपर्यंत मानेवर बसते, सेनुआला जशी भीती खरी वाटते तशी आपल्यालाही.

१० ऑक्टोबर २०१७, जागतिक मानसिक आरोग्य दिन, त्या दिवशीची सगळी कमाई त्यांनी रीथिंक मेंटल इलनेस या ब्रिटिश संस्थेला दिली. २०१८ला पाच बाफ्टा, म्हणजे ब्रिटनचे मोठे पुरस्कार. त्यातला परफॉर्मरचा मिळाला मेलिना युर्गेन्सला, जी स्टुडिओत व्हिडिओ एडिटर होती आणि खरी नटी मिळेपर्यंत टेस्टिंगपुरती उभी केली होती.