दोन टक्क्यांचं लांबलेलं उद्दिष्ट : देशाच्या संशोधन खर्चाची पार्श्वभूमी

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५मध्ये १ लाख कोटी रुपयांचा संशोधन, विकास आणि नवोन्मेष निधी सुरू केला. खासगी उद्योगांनी संशोधनात पैसा घालावा म्हणून त्यांना अल्प व्याजाने किंवा बिनव्याजी, दीर्घ मुदतीची कर्जं द्यायची, असा त्याचा मुख्य भाग आहे. एवढी रक्कम सरकारला का काढावी लागली, हे समजायला एक आकडा पुरेसा आहे. २०२०-२१मध्ये संशोधन आणि विकासावरचा देशाचा एकूण खर्च जीडीपीच्या ०.६४ टक्के होता. उद्दिष्ट मात्र २ टक्क्यांचं.

ही गोष्ट दुसऱ्या महायुद्धात सुरू होते. औद्योगिक संशोधनासाठी वर्षाला १० लाख रुपयांचा निधी मंजूर झाला, १९४२मध्ये वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद (सीएसआयआर) स्थापन झाली आणि रसायनशास्त्रज्ञ शांतिस्वरूप भटनागरांनी प्रयोगशाळांची साखळी उभारायला घेतली. पुण्याच्या पाषाण भागातल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं (एनसीएल) उद्घाटन पंडित नेहरूंनी ३ जानेवारी १९५० रोजी केलं. तिकडे मुंबईत होमी भाभांची टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) १९४५पासून चालू होती, १९४८मध्ये अणुऊर्जा आयोग आला, १९५८मध्ये संरक्षण संशोधनासाठी डीआरडीओ.

भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहांना विद्यापीठांबाहेर संस्था काढण्याची ही रचना मान्य नव्हती. संशोधन विद्यापीठांतच वाढलं पाहिजे, असं ते सांगत राहिले. त्यांचं ऐकलं गेलं नाही, आणि माझ्या मते आजच्या दुखण्याचं मूळ तिथेच आहे. चांगली उपकरणं आणि चांगली माणसं स्वतंत्र संस्थांकडे गेली, विद्यापीठांकडे शिकवणं आणि परीक्षा उरल्या. २०२०-२१मध्ये एकूण संशोधन खर्चात उच्च शिक्षण क्षेत्राचा वाटा ९ टक्क्यांच्या आतच होता. याउलट केंद्राच्या प्रमुख वैज्ञानिक संस्थांच्या खर्चापैकी सुमारे ६० टक्के रक्कम संरक्षण, अवकाश आणि अणुऊर्जा या तीन खात्यांत गेली. या खात्यांनी देशाला पुष्कळ काही दिलं, याबद्दल दुमत नाही. पण बाकीच्या सगळ्या विज्ञानाने उरलेल्या पैशांत भागवायचं, हे सूत्रही याच वाटपातून पक्कं झालं.

उद्योगांचं काय? १९७०च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूऐवजी फक्त तो बनवण्याच्या प्रक्रियेला संरक्षण दिलं. मग तेच औषध वेगळ्या मार्गाने तयार करण्यासाठी कंपन्यांना रसायनशास्त्रज्ञ लागले आणि एनसीएलसारख्या प्रयोगशाळांतली प्रक्रिया कारखान्यांत पोहोचू लागली. इतर उद्योगांत मात्र परदेशातून तंत्रज्ञान आणण्याचीच सवय राहिली. त्यावर उपाय म्हणून १९८६मध्ये तंत्रज्ञानाच्या आयातीवर ५ टक्के उपकर बसवला. गोळा झालेल्या रकमेतला फारच थोडा भाग देशी तंत्रज्ञानाच्या कामी आला, हे पुढे सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगने दाखवून दिलं. २०१७मध्ये तो उपकरच रद्द झाला. करसवलतीचंही तसंच. कंपनीने आपल्या मान्यताप्राप्त संशोधन केंद्रावर १०० रुपये खर्च केले, तर एकेकाळी करपात्र उत्पन्नातून २०० रुपयांची वजावट मिळायची. २०१७मध्ये ती १५०वर आली आणि २०२०पासून १००वर, म्हणजे जादा सवलत शून्य. प्रयोगशाळा उभी करून फळ मिळायला दहा-दहा वर्षं लागतात. धोरण तेवढाही काळ एका जागी टिकलं नाही.

दोन टक्क्यांचं उद्दिष्ट या काळात परत परत जाहीर झालं. २००३च्या विज्ञान-तंत्रज्ञान धोरणात दहाव्या पंचवार्षिक योजनेच्या अखेरीपर्यंत, म्हणजे २००७पर्यंत, जीडीपीच्या २ टक्के गाठायचं होतं. २०१२च्या विज्ञान काँग्रेसमध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी बाराव्या योजनेची, म्हणजे २०१७ची मुदत सांगितली. २०१३च्या धोरणातही तोच आकडा होता, उद्योगांनी बरोबरीचा वाटा उचलण्याच्या अटीवर. प्रत्यक्षात २०१०-११ ते २०२०-२१ या दशकात खर्च ६० हजार कोटींवरून १ लाख २७ हजार कोटींवर गेला, पण अर्थव्यवस्था त्याहून वेगाने वाढली आणि टक्का घसरला. १९९६मध्ये चीनचं प्रमाण आपल्यापेक्षा किंचित कमी होतं. पुढे त्याने २ टक्क्यांचा टप्पा ओलांडला आणि आज तो अडीच टक्क्यांच्याही पुढे आहे. तिथल्या खर्चाचा मोठा भाग कंपन्या करतात. आपल्याकडे खासगी उद्योगांचा वाटा ३६ टक्क्यांच्या आसपास.

हे आकडे जमतात कसे, तेही पाहायला हवं. विज्ञान आणि तंत्रज्ञान विभाग देशभरातल्या संस्थांना आणि कंपन्यांना प्रश्नावल्या पाठवतो, उत्तरं येतील तशी बेरीज होते. त्यामुळे २०२२-२३च्या अहवालात शेवटचं वर्ष २०२०-२१चं. एवढ्या जुन्या आकड्यांवर पुढची तरतूद ठरणं मला धोक्याचं वाटतं.

९ ऑगस्ट २०१७ रोजी देशातल्या अनेक शहरांत वैज्ञानिक आणि विद्यार्थी रस्त्यावर उतरले. विज्ञानावर जीडीपीच्या ३ टक्के खर्च करा, ही त्यांची मागणी होती. त्यानंतर २०२३च्या कायद्याने संशोधनाला निधी देणारं अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आलं. पाच वर्षांत ५० हजार कोटी, त्यातले १४ हजार कोटी सरकारचे आणि ३६ हजार कोटी उद्योग, देणगीदार वगैरेंकडून. विद्यापीठांना बळ देण्याचं काम याच संस्थेकडे आहे. १ लाख कोटींचा नवा निधी मात्र प्रयोगशाळेतली प्राथमिक पायरी ओलांडून आलेल्या तंत्रज्ञानासाठी आहे. त्याआधीच्या पायरीवर, राज्य विद्यापीठाच्या एखाद्या विभागात रसायनांची खरेदी अडल्यामुळे थांबलेल्या पीएचडीच्या विद्यार्थ्याला, त्यातून काही मिळणार नाही. त्याची आशा त्या ३६ हजार कोटींवर आहे.