एक सेकंद मोजा, फ्रिक्वेन्सी मिळाली?

जळगाव-धुळ्याकडच्या कॉलेजांतल्या प्रोजेक्टांत एक समज पक्का बसला आहे: मायक्रोकंट्रोलरने (प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या चिपने) सेकंदभर विजेच्या लहरींचे पल्स मोजले की विजेची फ्रिक्वेन्सी, म्हणजे सेकंदाला किती आवर्तनं, मिळते, आणि अचूकता हवी तर महागडी चिप घ्या. दोन्ही चूक.

आपल्या ग्रिडची ठरलेली मर्यादा ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ. सेकंदभर मोजून पूर्ण आकडेच मिळतात: ४९, ५० किंवा ५१ एवढंच दिसणार. मग मोजायचं तरी कशाला? (शहाद्याच्या शेतात व्होल्टेज पडतं, फ्रिक्वेन्सी नाही. ती दीपनगरच्या वीजकेंद्रात असते तीच.)

उलटं करा. पल्स नव्हे, एका आवर्तनाचा वेळ मोजा. अर्डुइनो उनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डाच्या १६ मेगाहर्ट्झ क्लॉकला ८ ने भागलं की टायमरचा एक ठोका अर्ध्या मायक्रोसेकंदाचा. २० मिलिसेकंदांत ४०,००० ठोके, १६ बिटांच्या टायमरच्या ६५,५३६ मध्ये आरामात मावतात. एका ठोक्याचा फरक म्हणजे जेमतेम ०.००१२५ हर्ट्झ. आठ नंबरच्या पिनवरचं इनपुट कॅप्चर वापरा (सिग्नल आला त्या क्षणीचा टायमरचा आकडा हार्डवेअरच टिपून ठेवतं), म्हणजे इंटरप्टच्या, म्हणजे प्रोग्रॅमने सिग्नलची दखल घेण्याच्या, उशिराने आकडा बिघडत नाही. सिग्नल मात्र ऑप्टोकपलरमधूनच (प्रकाशाने सिग्नल पोचवून मेन्सची वीज वेगळी ठेवणारा भाग) घ्या.

खरी गोम क्लॉकची. उनोवर क्लॉकचे ठोके देणारा सिरॅमिक रेझोनेटर असतो, तो ०.५ टक्के चुकला तर पाव हर्ट्झ गेला. म्हणून बाहेरचा चांगला क्रिस्टल (जास्त अचूक ठोके देणारा) लावा किंवा जीपीएसच्या सेकंदी पल्सशी ताडून घ्या.

फेजला, म्हणजे दोन लहरी एकमेकींपासून किती अंश मागे-पुढे आहेत हे मोजायला, ही अडचण जवळपास नाही. दोन लहरींच्या शून्यछेदांमधला (लहर शून्य ओलांडते त्या क्षणांमधला) वेळ भागिले आवर्तनाचा वेळ, गुणिले ३६०. दोन्ही वेळा एकाच क्लॉकने मोजल्या की त्याची चूक भागाकारातच कटते. उरतो तो शून्यछेदाजवळचा नॉइज, म्हणजे सिग्नलमधली खळबळ.