डबल बेल आणि तीन तारा

गेल्या पावसाळ्यात एका रात्री अंधेरी एमआयडीसीतल्या ओळखीच्या ऑफिसातून फोन आला. लाइट जाऊन आली होती, पण लिनक्स सर्व्हर काही उठत नव्हता. पिंग नाही, म्हणजे नेटवर्कवरून हाक मारली तर ओ देत नव्हता; एसएसएच नाही, म्हणजे दुरून लॉगिनही होत नव्हतं. जाऊन बघतो तर पंखासुद्धा नसलेला छोटा डबा, त्याला मॉनिटर लावायचा पोर्टच नाही. मागे नऊ पिनांचं एक सॉकेट, म्हणजे सिरियल पोर्ट, तेवढं होतं, आणि त्यावर कुणीतरी धूळ जाऊ नये म्हणून सेलोटेप चिकटवलेली. टेप काढली आणि बॅगेतून लॅमिंग्टन रोडवर घेतलेली यूएसबी-टू-सिरियल केबल बाहेर काढली.

सिरियल म्हणजे एकामागून एक. सगळे बिट, म्हणजे 0 आणि 1, एकाच तारेवरून रांगेत जातात. कामापुरत्या तारा तीन: पाठवायची, घ्यायची आणि ग्राउंड. दोन कॉम्प्युटर थेट जोडायचे तर पहिल्या दोन्हींची अदलाबदल करावी लागते, नाहीतर दोघंही बोलतात आणि ऐकत कुणीच नाही. अशा उलटसुलट जोडलेल्या केबलला नल मोडेम म्हणतात. आरएस-232 हे मानक 1960 सालचं. त्यात उणे 3 ते उणे 15 व्होल्ट म्हणजे 1 आणि अधिक 3 ते अधिक 15 म्हणजे 0. हो, उलटंच आहे.

बेस्टच्या बसमधली कंडक्टरची दोरी आठवा. एक टिंग म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. पण दोन टिंगांमध्ये फार वेळ गेला तर ड्रायव्हरने काय समजायचं? इथेही तोच प्रश्न आहे, कारण वेळ सांगणारी वेगळी तार नसते. म्हणून वेग आधीच ठरवून घेतात. तार गप्प असते तेव्हा 1 वर असते. ती 0 वर आली की समोरचा स्वतःच्या घड्याळाने मोजायला लागतो. सेकंदाला 9600 बिट या वेगाला एक बिट सुमारे 104 मायक्रोसेकंदांचा. एका अक्षरामागे सुरुवातीचा एक बिट, मजकुराचे आठ आणि शेवटचा एक, असे 10 बिट. म्हणजे सेकंदाला 960 अक्षरं.

लिनक्स ज्याच्या धर्तीवर बनलं त्या युनिक्सला हे नवं नाही. 1969 साली बेल लॅब्जमध्ये ते जन्मलं तेव्हा त्याच्याशी बोलायचं ते टेलिटाइपवरून, म्हणजे तारेने जोडलेल्या टाइपरायटरवरून. मॉडेल 33 हे यंत्र खडखडत सेकंदाला 10 अक्षरं छापायचं. आजही लिनक्समध्ये टर्मिनलला टीटीवाय म्हणतात, ते त्याच टेलिटाइपचं नाव.

एसएसएच चालायला कर्नल (लिनक्सचा गाभा), नेटवर्क ड्रायव्हर, आयपी पत्ता आणि एसएसएचची सेवा, सगळं जागं लागतं. सिरियलला एक साधी चिप पुरते. कर्नलला सुरू करून देणारा बूटलोडरसुद्धा तिच्यावर लिहू शकतो. अट एकच: कन्सोल, म्हणजे तुझे संदेश आणि लॉगिन, या पोर्टवर पाठव, हे कर्नलला आधी सांगून ठेवलेलं हवं. मशीन बंद पडल्यावर ते सुचून उपयोग नाही.

या तारेचे नखरेही आहेत. एका अक्षराला लागतो त्याहून जास्त वेळ तार 0 वर राहिली, तर त्याला ब्रेक म्हणतात. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीच्या जुन्या सर्व्हरना जोडलेलं टर्मिनल नुसतं बंद केलं, तरी कधीकधी असा ब्रेक जायचा आणि चालू सर्व्हर जागच्या जागी थांबायचा. ‘गो’ टाइप केलं की पुढे चालू!

आमच्या डब्यावर मी आधी 9600 लावलं. स्क्रीनवर नुसती प्रश्नचिन्हं आणि चौकोन. तार जिवंत होती, वेग चुकत होता. 115200 केलं, डबा बंद करून चालू केला, आणि अक्षरं सरळ झाली. कर्नलच्या ओळी धडाधड गेल्या आणि एका ओळीशी गाडी अडली: एका डिस्कची वाट बघतोय, मर्यादा दीड मिनिट. तेवढा वेळ संपला आणि इमर्जन्सी मोडमध्ये त्याने रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड मागितला.

एफएसटॅब, म्हणजे सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्याची यादी असलेली फाइल, उघडली. बॅकअपच्या डिस्कची ओळ तिथेच होती, डिस्क मात्र कुणीतरी काढून नेलेली. सर्व्हर तेव्हापासून एकदाही रीस्टार्ट झाला नव्हता, म्हणून कुणाला कळलं नाही. ती ओळ वगळली जावी म्हणून सुरुवातीला # टाकला, रीबूट केलं. दोन मिनिटांत पिंगला उत्तर आलं.

डिस्क सकाळी अकाउंट्सवाल्यांच्या ड्रॉवरमध्ये सापडली.