आडवाटांचे वाहन-पर्यटन (कोल्हापूर)

आडवाटांचे वाहन-पर्यटन : डांबरी रस्ता सोडून कच्च्या, खडकाळ पण आखून दिलेल्या वाटेवर फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी) जीप, मोटारसायकल किंवा एटीव्ही (जाड टायरची, चारचाकी उघडी गाडी) चालवण्यासाठी केलेला प्रवास आणि त्यातून गावाला मिळणारे उत्पन्न. बोलण्यात याला सरसकट ‘ऑफरोडिंग’ म्हणतात.

याचे सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात आहे. राज्याच्या दक्षिणेकडील कोळसापट्ट्यातला रोजगार आटत गेला, तेव्हा विधिमंडळाने १९९६ मध्ये हॅटफिल्ड-मॅकॉय वाटांसाठी प्राधिकरण स्थापन केले. २००० मध्ये पहिल्या वाटा खुल्या झाल्या. आज त्यांची लांबी १,००० मैलांहून अधिक आहे. परवाना विकत घ्यावा लागतो. खरी मेख मात्र आखणीत आहे : वाटा गावांना जोडलेल्या आहेत, त्यामुळे चालक त्याच गाडीवर गावात येऊन जेवतो, इंधन भरतो, मुक्काम करतो.

कोल्हापूर जिल्ह्यात अशा वाटा शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या डोंगरी तालुक्यांत सापडतात. इथली तरुण पोरे पिढ्यान्‌पिढ्या मुंबई गाठत आली. दाजीपूरला राधानगरी अभयारण्यातल्या मातीच्या रस्त्यावर स्थानिक जीप आणि वाटाड्या घेऊन फिरण्याची पद्धत रुळली आहे. रांगणा किल्ल्याकडे जाताना पाटगाव, भटवाडी, चिक्केवाडी अशी जंगलातली खडबडीत वाट लागते. ओढ्यातला कुठला दगड हलतो, कुठल्या चढाला लो गिअर टाकायचा, हे वडापची (गावोगाव प्रवासी भरून नेणारी) जीप मारणाऱ्या चालकाला तोंडपाठ असते. त्याचे हे ज्ञान विकले गेले, तरच पैसा गावात राहतो. शहरातून पाच गाड्या जेवणाच्या डब्यांसह आल्या आणि संध्याकाळी परतल्या, तर गावाच्या वाट्याला धूळच येते. नाचणीची भाकरी, पाटगावचा मध, आजऱ्याचा घनसाळ तांदूळ, पंक्चर काढणारा, घरातली एक मुक्कामाची खोली, यांवर खर्च झालेला रुपया मोजायला हवा. गाड्यांची संख्या नव्हे.

सड्यांवर, म्हणजे डोंगरावरच्या सपाट कातळ-पठारांवर, गाडी घालणे हा मात्र अक्षम्य प्रकार आहे. जांभ्या दगडावर बोटभर मातीचा थर असतो आणि पावसाळी फुले त्यातच उगवतात. ओल्या सड्यावरून एकदा टायर फिरला की चाकोरी पडते, पाणी तिच्यातून वाहू लागते आणि उरलीसुरली मातीही धुऊन जाते. राधानगरी अभयारण्य २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळात मोडते. तिथे परवानगीशिवाय वाहन नेता येत नाही. म्हणून नव्या वाटा शोधण्यापेक्षा जुन्या गाडीवाटा, पाणंदी आणि खासगी पड जमिनी वापरणे श्रेयस्कर. त्यासाठी ग्रामसभेची संमती हवी आणि प्रवेशशुल्कातला ठरावीक हिस्सा वाटेच्या दुरुस्तीला राखलेला हवा.

पावसाळ्यात वाटा बंद ठेवाव्या लागतात. तेव्हा घरोघरची माणसे भातलावणीत गुंतलेली असतात; जीप पुन्हा बाहेर निघते ती दिवाळीनंतर, भात झोडून झाल्यावर.