मांज्यानं कापलेलं बोट

उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा पतंगांचा सण, सरला की बडोद्यात आमच्या हॅण्ड थेरपीच्या खोलीत पट्टी बांधलेली बोटं येऊ लागतात. ताणलेला मांजा कातडीवर थांबत नाही, आतली कंडराही (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, टेंडन) कापतो. नायलॉनचा मांजा तर तुटतच नाही. राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली, तरी तो दिसतोच, आणि दर जानेवारीत मला त्याची चीड येते.

दांडिया बाजारातल्या एका काकूंनी तर पतंग हातातही धरला नव्हता. वाळत घातलेल्या कपड्यांत अडकलेला दोरा त्या सोडवत होत्या, तेवढ्यात पलीकडून कुणी तरी तो खेचला. जखम इवलीशी, पण मधलं बोट वळेना. त्याच दिवशी ऑपरेशन झालं. चौथ्या दिवशी माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "ताई, आता महिनाभर हात हलवायचा नाही ना?"

"काकू, आजपासूनच हलवायचा. पण मी सांगेन तसा आणि तेवढाच."

बोट वाकवणारे मोठे स्नायू बोटात नसतात, कोपराखाली असतात. तिथं दुसरा हात ठेवून मूठ मिटून पाहा, हालचाल जाणवेल. तिथून निघालेल्या कंडरा बोटात शिरतात, अंगठा सोडून प्रत्येक बोटात दोन. वरची दुभंगते आणि खालची त्या फटीतून पुढे टोकापर्यंत जाते. दोघी एका अरुंद नळीतून सरकतात, परकराच्या नेफ्यातून नाडी सरकावी तशा. नाडी तुटून गाठ मारली तर ती नेफ्यात अडते. कंडरेचं तसंच होतं. शिवाय जखम भरताना शरीर जो चिकट जोड तयार करतं, तो कंडरेची टोकं सांधतो आणि त्याच वेळी तिला नळीलाही चिकटवतो.

म्हणून तळहाताच्या मध्यापासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंतच्या या भागाला अमेरिकी शल्यचिकित्सक बनेल यांनी 'नो मॅन्स लॅण्ड' म्हटलं होतं. इथं कापलेली कंडरा लगेच शिवू नये, असाच तेव्हाचा शिरस्ता. १९६७ मध्ये क्लाइनर्ट यांनी लगेच शिवून, बोटाला रबरबँड लावून हालचाल सुरू ठेवल्याचे चांगले निकाल मांडले आणि ही समजूत ढळू लागली. कंडरा ३ ते ५ मिलिमीटर सरकत राहिली तरी ती घट्ट चिकटून बसणं बरंचसं टळतं, असं पुढं ड्युरान यांनी दाखवलं. ज्वारीच्या दाण्याएवढं हे अंतर! आमची सगळी कसरत तेवढ्यासाठी. कमी हललं तर चिकटतं, जास्त ताणलं तर टाका सुटतो.

काकूंसाठी गरम पाण्यात मऊ होणाऱ्या प्लास्टिकच्या पत्र्याचा स्प्लिंट केला. तो हाताच्या मागच्या बाजूनं बसतो, मनगट आणि बोटं किंचित वाकलेली ठेवतो, त्यामुळे बोट पूर्ण ताठ होऊच शकत नाही. जागेपणी दर तासाला दुसऱ्या हातानं बोट मिटायचं आणि स्प्लिंटला टेकेपर्यंत उघडायचं. हळदीकुंकवाला त्या तसाच हात घेऊन गेल्या.

सहाव्या आठवड्यात स्प्लिंट निघाला आणि खरी काळजी तेव्हा लागली. बोट बरं वाटतं, माणूस भरलेली बादली उचलतो आणि कंडरा पुन्हा तुटते. भरपूर जोर सोसायला साधारण बारा आठवडे लागतात.

बोटाच्या कडेची नसही कापली होती. नस दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर वाढते. बोटाच्या टोकाला जाण यायला महिने जाणार होते, म्हणून डोळे मिटून तांदळातून शेंगदाणा शोधायचा, नाणं ओळखायचं, असा सराव. परत आलेल्या संवेदनांचा अर्थ मेंदूला नव्यानं लावावा लागतो.

सांधा किती अंश वाकतो ते मी दर खेपेला मोजत होतेच. पण माझ्यासारख्या ऑक्युपेशनल थेरपिस्टला, म्हणजे रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून उपचार करणाऱ्याला, आणखी एक विचारायचं असतं: या हातानं तुम्हाला काय करायचंय? (हा विषय शिकवणारी आपल्याकडची पहिली शाळा कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू केली.) काकूंचं उत्तर तयार होतं. नऊवारीच्या निऱ्या. म्हणून सातव्या आठवड्यापासून आम्ही जुन्या सुती ओढणीच्या चुण्या घालत बसलो.

पाडव्याला बारा आठवडे पुरे व्हायला थोडे दिवस कमी होते. पुरणपोळीची कणीक सुनेनं मळली. निऱ्या काकूंनी स्वतः घातल्या.