जमिनीची वाटणी आणि डॅन्यूबची वाट : श्वाबियन लोकांची पार्श्वभूमी

जर्मनीच्या आजच्या नकाशावर श्वाबिया नावाचं राज्य नाही. श्वाबियन माणसं मात्र आहेत : श्टुटगार्ट, उल्म, ट्युबिंगन, रॉयटलिंगन या पट्ट्यात आणि शेजारच्या बव्हेरियात आउग्सबुर्गच्या आसपास. नैर्ऋत्य जर्मनीतले हे लोक कष्टाळू, काटकसरी आणि घरासाठी पै-पै साठवणारे म्हणून ओळखले जातात. त्यांच्या चिक्कूपणाचे विनोद जर्मनीभर चालतात. हा त्यांचा उपजत स्वभाव आहे, असं मला वाटत नाही. त्यामागे शेतजमिनीचा मोठा इतिहास आहे.

नाव जुनं आहे. ज्युलियस सीझरने इ. स. पू. 58 मध्ये ज्यांच्याशी लढाई केली, त्या सुएबी टोळ्यांवरून ते आलं. रोमन सीमा मागे सरकल्यावर इथे आलेमानी लोक स्थिरावले आणि दहाव्या शतकात श्वाबियाची डची, म्हणजे ड्यूकच्या अंमलाखालचा मुलूख, उभी राहिली. 1079 मध्ये ती होहेनश्टाउफेन घराण्याकडे गेली. सम्राट फ्रीडरिश बार्बारोसा याच घराण्यातला. 1268 मध्ये या घराण्याचा शेवटचा वारस, सोळा वर्षांचा कोनराडिन, याचा नेपल्समध्ये शिरच्छेद झाला आणि पुढे डचीही मोडली. मग शेकडो वर्षं इथे स्वतंत्र शहरं, मठ, सरदार आणि लहानमोठी संस्थानं एकमेकांना खेटून नांदली. त्यांतलं व्युर्टेमबर्ग हळूहळू मोठं झालं आणि नेपोलियनच्या काळात, 1806 मध्ये, राज्य बनलं. पूर्वेचा भाग बव्हेरियाकडे गेला. तिथल्या प्रशासकीय विभागाला आजही श्वाबेनच म्हणतात.

आता मूळ मुद्दा. जुन्या व्युर्टेमबर्गमध्ये बापाची जमीन सगळ्या मुलांत सारखी वाटली जायची, मुलींनाही हिस्सा मिळायचा. आपल्याकडे सातबाऱ्यावर नावं वाढत जातात आणि एकरांचे गुंठे होतात, तसंच तिथे पिढ्यान् पिढ्या होत राहिलं. (दक्षिणेकडच्या कॅथलिक वरच्या श्वाबियात बहुतेक ठिकाणी शेत अखंड एकाच वारसाकडे जायचं, तिथली वाडी आजही मोठी दिसते.) पद्धत न्याय्य होती, पण तुकड्यावर पोट भरेना. त्यात श्वाबियातलं आल्ब नावाचं डोंगरी पठार चुनखडीचं. पाऊस पडला की पाणी जमिनीत मुरून जायचं, वर माती पातळ. मग शेतकरी हिवाळ्यात मागावर बसला, लाकूडकाम, लोहारकाम शिकला. अर्धा शेतकरी, अर्धा कारागीर अशी माणसं गावोगावी तयार झाली.

जोडीला शाळा होती. प्रॉटेस्टंट व्युर्टेमबर्गने 1559 च्या चर्चविषयक कायद्यात गावच्या शाळांची सोय केली आणि 1649 मध्ये शिक्षण सक्तीचं केलं. हुशार मुलांना ट्युबिंगनच्या धर्मशिक्षणाच्या वसतिगृहात सरकारी खर्चाने जागा मिळे. योहानेस केप्लर तिथेच शिकला. दोनशे वर्षांनी हेगेल, ह्योल्डरलिन आणि शेलिंग तिथे एकत्र राहिले. जमीन देता येत नाही तर निदान विद्या द्यावी, हे या लोकांनी फार लवकर ओळखलं, असं मला वाटतं.

एप्रिल 1815 मध्ये इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला. पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा आलाच नाही, आणि गुंठ्यांवर जगणाऱ्या श्वाबियन गावांत उपासमार सुरू झाली. 1817 च्या वसंतात देश सोडून निघालेल्या लोकांची चौकशी करायला सरकारने फ्रीडरिश लिस्ट या तरुण अधिकाऱ्याला हाइलब्रॉनला पाठवलं. हाच पुढे नावाजलेला अर्थतज्ज्ञ झाला. त्याने माणसांना थेट विचारलं, का जाताय? उत्तरांत भूक होतीच, पण करांचा बोजा आणि गावातल्या अंमलदारांची मनमानीही होती. कोणी अमेरिकेला गेलं, कोणी डॅन्यूबमार्गे रशियाकडे. पार कॉकेशसपर्यंत पोचलेल्यांनी आजच्या अझरबैजानमध्ये 1819 मध्ये हेलेनेनडोर्फ वसवलं. इकडे नवा राजा विल्हेल्म पहिला याने 1818 मध्ये होहेनहाइमला शेतकी संस्था काढली आणि श्टुटगार्टलगतच्या कानश्टाटला शेतकी मेळा भरवला. तो मेळा आजही भरतो.

मागे राहिलेल्यांच्या कारागिरीतून कारखाने उभे राहिले. ट्रॉसिंगनमध्ये 1857 पासून होनरचे माउथ ऑर्गन बनू लागले. शोर्नडोर्फच्या पाववाल्याचा मुलगा गॉटलीब डाइमलर याने कानश्टाटच्या बागेतल्या शेडमध्ये इंजिन घडवलं. उल्मजवळ जन्मलेल्या रॉबर्ट बॉशने 1886 मध्ये श्टुटगार्टला छोटं वर्कशॉप काढलं आणि 1906 मध्ये कामगारांना आठ तासांचा दिवस दिला. त्यांच्या कंपन्यांचे कारखाने पुढे नाशिकला आणि चाकणला आले. मुंबई आणि श्टुटगार्ट तर 1968 पासून भगिनी-शहरं आहेत.

पण श्वाबियन वारशाचं सर्वांत दुखरं पान डॅन्यूबच्या खालच्या अंगाला लिहिलं गेलं. तुर्कांकडून हंगेरी परत मिळवल्यावर ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग सम्राटांना ओसाड मुलूख वसवायचा होता. 1712 मध्ये वरच्या श्वाबियातले गरीब शेतकरी आजच्या रुमानियातल्या सातमारकडे निघाले. पुढे मारिया थेरेसा आणि जोसेफ दुसरा यांच्या काळात मोठे लोंढे गेले. उल्मला लाकडी होड्यांत बसायचं आणि प्रवाहाबरोबर खाली जायचं. होडी परत येत नसे. व्हिएन्नाला ती मोडून लाकूड विकलं जाई. या लोकांत लोरेन, फाल्झ आणि हेसेमधलेही पुष्कळ होते, पण स्थानिकांनी सगळ्यांना श्वाबियनच म्हटलं. आज रुमानिया, सर्बिया आणि हंगेरीत विभागलेल्या बानाट प्रदेशाच्या दलदलीत हिवतापाने माणसं पटापट गेली. ‘पहिल्याला मरण, दुसऱ्याला हाल, तिसऱ्याला भाकर’ ही म्हण त्यांच्यात पिढ्यान् पिढ्या टिकली.

तिसऱ्या पिढीची भाकर दीडशे वर्षं पुरली. पहिल्या महायुद्धानंतर त्यांचा मुलूख हंगेरी, रुमानिया आणि युगोस्लाव्हिया यांत वाटला गेला. दुसऱ्या महायुद्धात अनेक जण नाझींच्या बाजूने गेले. बानाटमधून एसएस या नाझी सशस्त्र दलाची ‘प्रिन्स ऑयगेन’ तुकडी भरली गेली, काहींना सक्तीने भरलं, आणि या तुकडीने बाल्कनमध्ये भयंकर अत्याचार केले. हे लपवून हा इतिहास सांगता येणार नाही. पण नंतरची शिक्षा गुन्हेगार शोधत बसली नाही. युगोस्लाव्हियात बायका, मुलं आणि म्हातारी माणसं छावण्यांत कोंडली गेली आणि हजारो तिथेच दगावली. रुमानियातून जानेवारी 1945 मध्ये धडधाकट स्त्री-पुरुषांना सोव्हिएत खाणींत जुंपलं गेलं. हंगेरीतली हकालपट्टी 19 जानेवारी 1946 रोजी बुडापेस्टजवळच्या बुदाऑर्शपासून सुरू झाली.

वाचलेल्यांपैकी बरेच जण, पूर्वजांनी ज्या भागातून होड्या सोडल्या होत्या तिथेच परतले. बाडेन-व्युर्टेमबर्गने 1954 मध्ये त्यांचं पालकत्व स्वीकारलं आणि 2000 मध्ये उल्मला त्यांचं संग्रहालय उघडलं. बानाटच्या निट्स्कीडोर्फ गावात जन्मलेल्या हेर्टा म्युलर यांना 2009 चं साहित्याचं नोबेल मिळालं. त्यांच्या लेखनात त्या गावांचा बंदिस्तपणा आणि हुकूमशाहीची भीती दोन्ही आहेत. हंगेरीत मागे राहिलेल्या जर्मन अल्पसंख्याकांना 2018 मध्ये बुडापेस्टच्या संसदेत मतदानाचा पूर्ण अधिकार असलेला स्वतःचा खासदार मिळाला, आणि 19 जानेवारी हा दिवस तिथे आता सरकारी पातळीवर स्मृतिदिन म्हणून पाळतात.